दवाखाना, रेशन कार्ड आणि पाच लाख: गावाकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०१८ साली बाबांच्या छातीत दुखलं तेव्हा आमच्या घरी केशरी रेशन कार्ड होतं, भरती झाल्यावर मोफत उपचार देणाऱ्या महात्मा फुले योजनेचं नावही सगळ्यांना माहीत होतं. तरी मायच्या पाटल्या मोडल्याच. ती हकीकत प्रश्न ५ मध्ये आहे. तेव्हापासून यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातल्या आमच्या आणि आजूबाजूच्या गावांतून लोक मला फोन करतात, आता वर्धा-चंद्रपूरकडूनही येतात. बहुतेक फोन रात्रीचे आणि दवाखान्याच्या व्हरांड्यातून असतात. तेच ते प्रश्न विचारणाऱ्यांच्याच बोलीत इथे लिहिले आहेत. माणूस आत्ता गाडीत असेल तर प्रश्न ३ आणि ५ वाचा, बाकीचे नंतर.

१. महात्मा फुले वेगळी अन् आयुष्मान वेगळी का? आमी कोणत्या योजनेत हाओ?

राज्याची योजना २ जुलै २०१२ ला 'राजीव गांधी जीवनदायी' या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. विदर्भातले गडचिरोली आणि अमरावती त्या पहिल्या आठांत होते. २०१३ च्या नोव्हेंबरात ती राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळालं. केंद्राची आयुष्मान भारत सप्टेंबर २०१८ ची आहे. तिची मूळ यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेवरून केलेली होती.

महाराष्ट्रात दोन्ही योजना एकत्र चालतात. दवाखान्यात खिडकी एकच असते आणि तुम्ही कोणत्या यादीत बसता हे तिथला माणूस संगणकावर पाहून सांगतो. कुटुंबाला हप्ता भरावा लागत नाही. गावातली जुनी माणसं अजून 'जीवनदायी'च म्हणतात. खिडकीवर तसं विचारलं तरी काम होतं.

२. आमचं कार्ड पांढरं हाय. चालते का?

चालतं. १ जुलै २०२४ पासून पिवळं, केशरी, पांढरं असा भेद राहिलेला नाही. कार्डच नसेल तर तहसीलचं अधिवास प्रमाणपत्र चालतं.

लोक अजून 'पांढऱ्याला नाही' म्हणतात, कारण पूर्वी खरोखरच नव्हतं. पांढरं कार्ड फक्त चौदा शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या सातबाराधारकांना चालायचं. त्यांत विदर्भातले अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशिम, यवतमाळ आणि वर्धा होते. वर्ध्याच्या कास्तकाराला मिळायचं आणि नदीपलीकडच्या चंद्रपूरवाल्याला नाही. ती आठवण लोकांच्या डोक्यात पक्की बसली आहे.

अडचण वेगळ्याच जागी येते. कार्ड ऑनलाइन नोंदलेलं लागतं, म्हणजे त्याचा बारा अंकी नंबर हवा. तो नसेल तर तहसीलच्या पुरवठा शाखेत जाऊन आत्ताच नोंद करून घ्या. बिमारी आल्यावर ती नोंद दोन तासांत होत नाही.

३. आयुष्मान कार्ड काढलंच नाही अन् पेशंट आताच भरती करा लागते. काय करू?

भरती करा. १०८ ला फोन लावा. गाडीत बसतानाच रेशन कार्ड आणि पेशंटचं आधार पिशवीत टाका, नाहीतर घरी असलेल्या माणसाला दोन्हींचे फोटो पाठवायला सांगा. तातडीच्या रुग्णासाठी दवाखाना फोनवरून कळवून योजनेची तात्पुरती मंजुरी घेऊ शकतो, कागद मागाहून देता येतात. मात्र 'योजनेत घ्या' हे तुम्ही पहिल्याच तासात बोललं पाहिजे.

जवळचा कोणता दवाखाना योजनेत आहे ते १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर कळतं. कार्ड पुढे काढता येईल. आधार आणि रेशन कार्ड घेऊन गावातल्या सेतू केंद्रात जा, किंवा आशाताईला विचारा.

४. आरोग्यमित्र म्हंजे डॉक्टर का?

डॉक्टर नाही. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात बसणारा योजनेचा माणूस म्हणजे आरोग्यमित्र. तो तुमची नोंदणी करतो, उपचार यादीत आहे का ते पाहतो आणि मंजुरीचा अर्ज वर पाठवायला मदत करतो. पैसे मागितले गेले तर पहिली तक्रारही त्याच्याकडेच करायची. त्याची खिडकी दारासमोर असायला हवी. प्रत्यक्षात ती कधी जिन्याखाली, कधी औषधाच्या दुकानामागे सापडते. ती सापडेपर्यंत कोणत्याही कागदावर सही करू नका.

५. योजनेच्या दवाखान्यात भरती केलं, तरी पैसे मांगून राहिले. द्यावे का?

आधी आमचं सांगतो. बाबांना ज्या खाजगी दवाखान्यात नेलं तो योजनेत होता, पाटी बाहेरच लावलेली होती. काउंटरवरच्या पोराने ऐंशी हजार डिपॉझिट मागितलं. मी घाबरलेला, बाबा स्ट्रेचरवर. काकाने सराफाला घरून उठवलं. दोन स्टेंट पडले. तिसऱ्या दिवशी मायने डब्याच्या पिशवीतून रेशन कार्ड काढलं आणि 'हे चालते का' म्हणून नर्सला विचारलं. नर्स खाली मान घालून म्हणाली, 'आधी सांगायचं होतं ना मावशी.' आम्ही रोखीचे पेशंट म्हणून नोंदलेलो होतो आणि पैसे भरून पावती फाटली होती. मंजुरी उपचाराच्या आधी घ्यायची असते, झाल्यावर भरलेले पैसे परत मिळत नाहीत.

आता उत्तर. मंजुरी मिळालेल्या उपचारासाठी भरतीपासून डिस्चार्जपर्यंत खाट, ऑपरेशन, त्यासाठीच्या तपासण्या, औषधं आणि पेशंटचं जेवण हे सगळं पॅकेजमध्ये येतं. त्याचे वेगळे पैसे घेता येत नाहीत. 'हे इम्प्लांट योजनेत नाही, चांगलं टाकायचं तर वरचे चाळीस हजार द्या' असं कोणी म्हणालं तर ते लिहून मागा. लिहून द्यायला सहसा कोणी तयार होत नाही आणि बोलणं तिथेच थांबतं. पैसे दिलेच असतील तर पावती घ्या आणि डिस्चार्जच्या आधी १५५३८८ वर तक्रार नोंदवा. घरी आल्यावर केलेली तक्रारही चालते, पण खाटेवर असताना केलेल्या तक्रारीला जोर असतो.

भरतीच्या आधी बाहेर केलेल्या तपासण्यांचा खर्च मात्र बहुतेक वेळा आपल्याच अंगावर पडतो. निदान होईपर्यंत योजना सुरू होत नाही, आणि घर तिथेच रिकामं होतं. म्हणून एमआरआय, इको असली तपासणी बाहेर करण्याआधी ती सरकारी जिल्हा रुग्णालयात होते का ते विचारा (प्रश्न ७).

६. पाच लाख माणशी का घरटी?

योजनेतून वर्षाला पाच लाखांपर्यंतचा उपचार मोफत होतो, तो घरटी. एका कार्डावरच्या सगळ्यांत मिळून. आजोबांच्या कॅन्सरला साडेतीन लाख गेले तर उरलेले दीड लाख इतरांसाठी.

अपवाद सत्तरीच्या पुढच्यांचा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर आणि त्यावरच्या प्रत्येकाला आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही. घर आधीच योजनेत असेल तर म्हाताऱ्या माणसांसाठी वेगळे पाच लाख जमा होतात. ते आजा-आजी दोघांत मिळून असतात. वय आधारवरचं धरलं जातं. आपल्याकडे आधारवर वय अंदाजे टाकलेलं असतं, १ जानेवारीला जन्मलेले म्हातारे गावोगाव भेटतात. खरं वय बहात्तर आणि आधारवर पासष्ट असेल तर आधी ते दुरुस्त करा.

७. बीपी-शुगरच्या गोळ्या, ताप, सलाईन यात बसते का?

नाही. योजना भरती होऊन करायच्या, यादीतल्या उपचारांसाठी आहे. २०२३ च्या शासन निर्णयात ही यादी १,३५६ उपचारांची होती. यादी बदलत असते आणि काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयासाठी राखीव असतात. म्हणून नेमका उपचार खिडकीवर विचारूनच पक्का करा.

रोजच्या गोळ्यांसाठी दुसरी सोय आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयात केसपेपरपासून तपासणीपर्यंत पैसे लागत नाहीत. गोळ्या कधी संपलेल्या असतात, हे खरंच आहे. तेव्हा चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या आणि जनऔषधीच्या, म्हणजे स्वस्त औषधांच्या सरकारमान्य दुकानात जा. वर्षाच्या हिशेबात हा फरक मोठा पडतो. पॅरालिसिस झालेल्या अनेकांच्या घरी मी विचारलं आहे. बीपीची गोळी 'बरं वाटते म्हणून' किंवा कापूस विकेपर्यंत बंद ठेवलेली असते.

८. मंग नागपूरच्या मेडिकलले पैसे काहून घेतले?

नागपूरची दोन सरकारी कॉलेजं, मेडिकल आणि मेयो, किंवा यवतमाळचं शासकीय महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतात. प्रश्न ७ मधला मोफतचा निर्णय दुसऱ्या विभागाचा आहे. त्यामुळे या ठिकाणी केसपेपर आणि काही तपासण्यांना सरकारी दराने थोडे पैसे लागतात. योजना मात्र तिथेही चालते. भरती झाल्यावर वॉर्डात वैद्यकीय समाजसेवा अधीक्षक कुठे बसतात ते विचारा. औषध बाहेरून आणायची चिठ्ठी आली की दुकानाआधी त्यांच्याकडे जायचं.

९. आमी पांढरकवड्याचे. आदिलाबाद जवळ पडते. तिकडं चालते का?

केंद्राच्या आयुष्मान यादीत नाव असेल तर देशभरातल्या आयुष्मानच्या दवाखान्यांत चालतं, तेलंगणा, छत्तीसगडातही. फक्त राज्याच्या योजनेमुळे पात्र असाल तर सीमेपलीकडे धरून चालू नका. निघण्याआधी १४५५५ वर फोन करून आपलं नाव कोणत्या यादीत आहे ते विचारा.

१०. खाजगी विमा घ्यावा का? हप्ता ऐकूनच चक्कर येते.

पाच एकर कोरडवाहू, घरात पगार नाही आणि कार्ड ऑनलाइन आहे, अशा घराला मी आधी योजनेचे कागद नीट करायला सांगतो. कर्ज काढून हप्ता भरू नका. पहिल्या वर्षी भरला आणि दुसऱ्या वर्षी बोंडअळीने भरू दिला नाही, तर पॉलिसी तुटते आणि पहिल्या वर्षाचे पैसे गेले. आपल्याकडे पैसा दिवाळी ते संक्रांत असतो. एजंट पॉलिसी विकतो जूनमध्ये, आणि पुढच्या जूनमध्ये खिशात फक्त बियाण्याची उधारी असते. घ्यायचीच असेल तर डिसेंबरात घ्या, म्हणजे नूतनीकरणही डिसेंबरातच येईल.

सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाला हे फार आधी समजलं होतं. त्यांच्या ग्राम विमा योजनेत गावकरी सुगीला ज्वारी देत आणि त्यावर वर्षभराच्या उपचाराची सोय होई. हप्ता सुगीत मागायचा एवढी साधी गोष्ट मोठ्या कंपन्यांना अजून जमलेली नाही.

घरात एखादा पगारदार असेल, किंवा योजनेत नसलेल्या दवाखान्यातच जायचं असेल, तर खाजगी पॉलिसीला अर्थ आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला आहे. सही करण्याआधी तीन गोष्टी वाचा, एजंटकडून वाचून घ्या म्हटलं तरी चालेल. पहिली, प्रतीक्षा काळ. अपघात सोडून पहिले तीस दिवस काही मिळत नाही. हर्निया, मोतीबिंदू, मुतखडा अशांना बहुतेक पॉलिसींत दोन वर्षं थांबावं लागतं, आणि आधीपासूनच्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षं. दुसरी, खोलीच्या भाड्याची मर्यादा. मर्यादा रोजची ३,००० आणि तुम्ही ६,००० ची खोली घेतली, तर कंपनी नुसतं भाडंच कापत नाही. डॉक्टरची फी, ऑपरेशनचा खर्चही त्याच प्रमाणात निम्मा धरते. तिसरी, को-पे, म्हणजे बिलातला ठरलेला हिस्सा तुमच्या खिशातून. पॉलिसी हातात आल्यावर पटली नाही तर तीस दिवसांत परत करता येते.

११. एजंट म्हणते, शुगर लिहू नका, हप्ता वाढते. ऐकू का?

ऐकू नका. क्लेमच्या वेळी कंपनी जुने केसपेपर मागते, आणि आरोग्य केंद्राच्या वहीत तुमची शुगर तीन वर्षांपासून लिहिलेली असते. लपवलं म्हणून क्लेम नाकारतात आणि पॉलिसीही रद्द होऊ शकते. सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवल्याचं कारण देता येत नाही. पण ती पाच वर्षं आधी काढावी लागतात. फॉर्म मराठीतून वाचून घ्या, स्वतः भरा, आणि लिहिलेल्या फॉर्मची झेरॉक्स घरी ठेवा.

१२. क्लेम नाकारला. आता?

कारण लेखी मागा. कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. वकील लागत नाही, फी लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतचं प्रकरण चालतं. विमा नियामकाचा नंबर १५५२५५. हे सगळं खाजगी विम्यासाठी. सरकारी योजनेच्या तक्रारीसाठी प्रश्न ५.

१३. ट्रस्टचा मोठा दवाखाना गरिबाले फुकट करते म्हणतात. खरं का?

खरं आहे आणि तो कायदा आहे, उपकार नव्हे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी बिलाच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकली जाते. तातडीच्या रुग्णाला डिपॉझिटसाठी दारात अडवता येत नाही.

तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो दरवर्षी एप्रिलमध्येच काढून ठेवा, शाळेलाही लागतोच. 'खाटा भरल्या आहेत' हे ठरलेलं उत्तर मिळालं तर जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात फोन करा.

१४. मुख्यमंत्री निधीतून कधी मिळते?

योजना आणि धर्मादाय, दोन्हीकडे बसत नसेल तेव्हा. उपचार चालू असतानाच अर्ज करायचा, झालेल्या खर्चाची भरपाई मिळत नाही. दवाखान्याचं खर्चाचं अंदाजपत्रक, उत्पन्नाचा दाखला (मर्यादा वर्षाला १ लाख ६० हजार), रेशन कार्ड, आधार आणि तपासणीचे कागद लागतात. मंजूर रक्कम थेट दवाखान्याच्या खात्यात जाते. २०२५ पासून जिल्ह्याच्या ठिकाणीही कक्ष आहेत, मुंबईची वारी करायची गरज नाही. पूर्ण बिल यातून निघेल अशी आशा ठेवू नका.

१५. फवारणी करता करता भोवळ आली. साप चावला. हे कशात येते?

उपचार आधी. सापाची लस प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात मोफत असते, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. विषबाधेत औषधाचा डबा सोबत न्या, डॉक्टरला त्यावरूनच कळतं. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने वीसहून अधिक जीव गेले. तेव्हा दवाखान्यात पोहोचलेल्या कितीतरी जणांना आपण काय फवारत होतो हे सांगता येत नव्हतं.

पैशासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. मृत्यू किंवा दोन अवयव गेले तर २ लाख, एक डोळा किंवा एक अवयव गेला तर १ लाख. सर्पदंश, वीज, विषबाधा, जनावराचा हल्ला सगळं धरतात. शेतकरी आणि घरातला आणखी एक सदस्य, वय १० ते ७५. अर्ज तीस दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. पोलीस पंचनामा नसेल तर अर्ज अडकतो, म्हणून दवाखान्यातच पोलिसात नोंद झाली का ते पाहा.

१६. पोराले सिकलसेल हाय. दर महिन्याला नागपूर परवडत नाही.

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, अमरावती या पट्ट्यात रक्ताचा हा आनुवंशिक आजार घराघरांत आहे, लाजायचं कारण नाही. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या सरकारी रुग्णालयातून मिळतात, त्या जिल्ह्यातच सुरू ठेवता येतात का ते डॉक्टरला विचारा. सिकलसेल २०१६ च्या दिव्यांग कायद्यात आहे, दाखला काढा. एसटीत सिकलसेल आणि डायलिसिसच्या रुग्णांना प्रवास सवलत आहे, ती कशी घ्यायची ते आगारात विचारा. सोबत जाणारी माय अर्ध्या तिकिटात जाते, पंचाहत्तरीच्या पुढचा आजा फुकट. लग्नाआधी दोघांचीही तपासणी करा, इथे पत्रिका जुळवण्यापेक्षा ती कामाची.

१७. बाळाचं नाव कार्डात नाही. सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डात हाय.

नवजात बाळासाठी आई-वडिलांचं रेशन कार्ड, जन्माचा दाखला आणि आई किंवा वडिलांसोबतचा बाळाचा फोटो चालतो. सरकारी रुग्णालयात आजारी बाळाचा वर्षभराचा उपचार जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफतच असतो. हृदयाला छिद्र असेल तर अंगणवाडीत येणाऱ्या तपासणी पथकाला सांगा, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची शस्त्रक्रिया त्यातून होते.

सुनेचं नाव माहेरच्या कार्डात असेल तर ते कार्ड तिच्यासाठी चालतं, फक्त तिथले पाच लाख वापरले जातील. ती माहेरची आहे की सासरची, हा वाद दवाखान्याच्या खिडकीवर घालू नका. फोटो मागवा, नोंद करा.

१८. बिल थकलं तर बॉडी अडवू शकते का?

बिलासाठी मृतदेह अडवता येत नाही. महाराष्ट्राच्या २०२१ च्या शुश्रूषागृह नियमांत रुग्णहक्कांची सनद आहे, त्यात हे स्पष्ट आहे. दरपत्रक लावणंही त्यातच येतं. अडवलं तर जिल्हा शल्यचिकित्सकांना आणि पोलिसांना फोन करा. बिलाचा तपशील एकेका ओळीचा मागा. बाबांच्या बिलात न वापरलेले सहा हातमोज्यांचे डबे होते. ते वजा झाले, पण विचारल्यावर.

१९. माणूस गेला. आता ते कागद ठेवून काय करू?

वर्षभर तरी फेकू नका. मेलेल्या माणसाचं पासबुक घेऊन बँकेत भरून आणा आणि मे-जूनच्या नोंदी पाहा. ४३६ रुपये कापलेले असतील तर तो जीवन ज्योतीचा हप्ता आहे, कोणत्याही कारणाने मृत्यू आला तरी वारसाला २ लाख. २० रुपये कापलेले असतील तर सुरक्षा विमा, तो फक्त अपघातासाठी. पुष्कळ घरांना हे कापले जातात हेच माहीत नसतं. मागच्या पोळ्याला गावातल्या एका काकूंच्या पासबुकात अशी नोंद सापडली, काकाजी जाऊन चार महिने झाले होते. बँकेतून फॉर्म घ्यायचा, मृत्यूचा दाखला आणि वारसाचं आधार जोडायचं. पोच पावतीवर शिक्का मारून घ्या.